“मग बोअर घेऊ का नको?” : भूजलाचा अभ्यास गावासमोर मांडताना

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. एका तरुण संशोधकानं मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तीन वर्षं भूजलाचा अभ्यास केला. विहिरींच्या पातळ्या घेतल्या, पाण्याचे नमुने तपासले, नकाशे केले. मग एका ग्रामसभेत चाळीस स्लाइड दाखवल्या. दहाव्या मिनिटाला माणसं उठू लागली. शेवटी एक शेतकरी म्हणाला, “ते समदं बरोबर हाय सर, पण मंग मी बोअर घेऊ का नको?” तिथंच सभा मोडली. आता हे संशोधक विचारतात की लोकांना विज्ञान समजतच नसेल, तर शास्त्रज्ञांनी पर्यावरणाचे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवावेत तरी कसे?

मी सव्वीस वर्षं मराठवाड्यात भूजलाचं काम करते आहे. माझ्या मते त्या सभेतला सगळ्यात नेमका प्रश्न त्या शेतकऱ्याचाच होता. त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलेलं नाही. बहुधा देता आलं नसावं, कारण तुमच्या हातात तालुक्याचा नकाशा होता आणि त्याला त्याच्या गट नंबरातलं उत्तर हवं होतं. लाख-दीड लाख रुपये जमिनीत घालायचे की नाही, हे त्याला त्याच आठवड्यात ठरवायचं असेल.

“लोकांना समजत नाही” हे निदान मला पटत नाही. पाणी खाली चाललंय हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या वडिलांची चाळीस फुटी विहीर चैत्रातही मोट चालवायची आणि ज्याचा स्वतःचा आठशे फुटी बोअर माघातच नुसती हवा फेकतो, त्यानं ते तुमच्या-माझ्या आधी पाहिलंय. अंबाजोगाईच्या बाजूला फार वर्षांपूर्वी एक गृहस्थ मला म्हणाले होते, “ताई, मी बोअर नाही मारला तर शेजारी मारणारच. माझ्या खालचं पाणी त्याच्या उसाला जाणार. मग मी वाचवू कुणासाठी?” मी तेव्हा पुनर्भरणाचं महत्त्व सांगायला लागले. ते शांतपणे ऐकून घेऊन निघून गेले. त्यांच्या प्रश्नाला मी हातच घातला नव्हता.

तुमच्याही गावात अडचण हीच असणार. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं आणि बोअर ज्याचा त्याचा. शेजारी किती उपसतो हे कुणालाच दिसत नाही, म्हणून जो थांबेल तो बुडेल अशी प्रत्येकाची खात्री असते. तेव्हा शास्त्रज्ञानं गावात जाऊन करायचं मुख्य काम म्हणजे हे न दिसणारं पाणी सगळ्यांना एकदम दिसेल, आणि सगळ्यांना एकच आकडा दिसेल, असं करणं. तो आकडा गावानं स्वतः मोजलेला असावा लागतो. दुसऱ्यानं आणलेल्या आकड्यावर माणूस नुसती मान डोलावतो. स्वतः मोजलेल्या आकड्यावर तो भांडतो. मला ते भांडण हवं असतं.

सगळ्याच प्रश्नांना ही रीत लागू पडत नाही, हे आधीच सांगते. वीज पडण्याचा इशारा असेल तर चर्चेला वेळच नसतो. “ढग गडगडतायत, झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा” इतकंच बोलायचं आणि तेच तेच बोलायचं. पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रश्न आणखी निराळा, त्याबद्दल पुढे लिहिते. तुमचा प्रश्न सावकाश वाढणारा आणि सामायिक आहे, म्हणून वेळ त्यावरच घालवते.

मी गावात गणित कसं मांडते ते सांगते. स्लाइड नसतात. शाळेचा फळा किंवा देवळाच्या ओट्यावर खडू पुरतो. सुरुवात एकाच वाक्यानं करते: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हे एखाद्या पोरालाच फळ्यावर करायला लावते. शंभर मीटर गुणिले शंभर मीटर, त्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर. मग गावाचं शिवार विचारते. समजा हजार हेक्टर आहे आणि यंदा ६०० मिलिमीटर पाऊस झाला. गुणाकार केला की ६०० कोटी लिटर येतात. इथं सभेत नेहमी खसखस पिकते, कारण एवढा आकडा आपल्या शिवाराचा असेल असं कुणाच्या मनात आलेलं नसतं.

मग विचारते, यातलं खाली किती जातं? आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या खडकात, पावसाच्या पाण्यातले शंभराला सात ते चौदा भाग मुरतात असं भूजलाच्या अंदाजात धरतात. हिशेब सोपा जावा म्हणून मी दहा धरते. म्हणजे ६० कोटी लिटर. ही झाली गावाची वर्षाची जमा. आता खर्च. दोन हजार लोकवस्ती, माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला चार कोटी लिटर. सरीतून मोकळं पाणी सोडलेल्या उसाला एकूण हेक्टरी दोन कोटी लिटर किंवा त्याहून जास्त लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी दीड कोटी विहिरी-बोअरमधून येतं असं धरू. म्हणजे एकरी साधारण साठ लाख. आता साठ कोटींना साठ लाखांनी भागा. शंभर एकर. गावात शंभर एकर ऊस असेल तर वर्षभरात मुरलेलं सगळं पाणी त्याच्याच वाटेला गेलं. आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी किती? सात एकर उसाइतकं.

इथं मी थांबते आणि खडू खाली ठेवते. “ऊस लावू नका” हे वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी शेवटचं म्हटलं. तेव्हा एका आजोबांनी विचारलं होतं, “उसाला कारखाना हाय, ठरलेला दर हाय. तुरीला कोण हाय?” त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. बाजाराचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. ते मी उघड बोलते, कारण ते लपवून नुसतं पाण्याचंच बोललं तर आपण कारखान्याच्या आणि बँकेच्या हिशेबाकडे डोळेझाक करतोय हे लोकांना लगेच कळतं. खडू खाली ठेवल्यावर सभा आपसात बोलायला लागते. कुणाचा किती ऊस, कुणाची किती मोसंबी, कुणाचे किती बोअर हे सगळं बाहेर येतं. एका गावात पहिल्या वर्षी काही घडलं नाही. दुसऱ्या वर्षी काही जणांनी ठिबक केलं, पण वाचलेल्या पाण्यावर दोघांनी आणखी ऊस लावला. तिसऱ्या वर्षी सभेनंच ते पकडलं, कारण तोवर गावाला जमाखर्च तोंडपाठ झाला होता.

हा हिशेब मांडायची वेळ फार महत्त्वाची आहे. तुम्ही १ मेच्या ग्रामसभेत बोललात. त्या दिवशी लोकांच्या डोक्यात टँकर असतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरा. पाऊस संपत आलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीत काय पेरायचं हे अजून ठरायचं असतं. ठरवायला काही उरलेलं असेल तेव्हाच आकड्याला किंमत असते.

माझी एक चूकही सांगते, कारण ती तुमच्याकडून सहज होऊ शकेल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सुरुवातीला दहा वाघिणी, पुढे पन्नास. पन्नास वाघिणींची एक खेप म्हणजे सुमारे २५ लाख लिटर. एका रात्री मी सहज हिशेब केला आणि दचकले. ६०० मिलिमीटर पावसाच्या वर्षात एका एकरावर जेवढं पाणी पडतं, तेवढंच ती पूर्ण गाडी आणत होती. साडेतीनशे किलोमीटरवरून गाडी येते आणि तेवढं पाणी आपल्या एकेका एकरावर दरवर्षी पडतं! पुढचे काही महिने मी प्रत्येक सभेत हेच सांगत होते. लोक अवाक व्हायचे आणि मला वाटायचं, जमलं.

वर्षभरानं एका गावात गेले तर तिथं प्लास्टिकच्या अस्तराची मोठी शेततळी झालेली. एक जण कौतुकानं म्हणाला, “मॅडम, तुमच्याच हिशेबानं केलं, एकराचं पाणी साठवायचं.” तळी भरली होती बोअरनं, भर पावसाळ्यात. जमिनीखालचं, उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवलं होतं. दोष त्यांचा नव्हता. मी दचकवणारा आकडा दिला होता, पण त्या आकड्यानं काय करायचं आणि काय करायचं नाही हे सांगितलंच नव्हतं. पडणारं सगळं पाणी अडवता येत नाही, त्यातलं बरंचसं पीक आणि ऊन घेतं, आणि आपल्याकडची सर्वात स्वस्त टाकी म्हणजे मुरूम, हे त्याच श्वासात सांगायला हवं होतं. आता सांगते.

त्या टाकीबद्दल बोलताना विहिरीवरच जावं. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या काठावर दहा माणसं उभी केली की भूगर्भशास्त्राचा तास आपोआप होतो. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिपकेदार, मऊसर खडक, कुठं मध्येच गेरूचा लाल पट्टा आणि तळाला काळा पाषाण. ही नावं त्यांचीच आहेत. विहिरी खणणाऱ्यांनी ठेवलेली. तुमच्या स्लाइडवरच्या इंग्रजी नावांपेक्षा ती जास्त उपयोगी पडतील. मी विचारते, झरे कुठल्या थरातून लागायचे? बोट नेहमी मुरमाकडं किंवा मांजऱ्याकडं जातं. मग सांगते की या भेगाळ खडकाचा एक घनमीटरचा ठोकळा, म्हणजे हजार लिटरच्या टाकीएवढा, पूर्ण भिजलेला असला तरी त्यातून हाती येणारं पाणी साधारण वीस लिटर. तुमच्या घरी फिल्टरचा जार येतो, तेवढं. आणि तळाचा काळा पाषाण भेग नसेल तर तेवढंही देत नाही. आठशे फुटांवर जे लागतं ते भेगेतलं असतं, आणि पावसाळ्यात ते भरून येईल याची खात्री नसते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे ते याचसाठी. कायद्याचं कलम सांगून जे पटत नाही ते विहिरीच्या काठावर दोन मिनिटांत पटतं.

मोजणीला फार काही लागत नाही. गावानं पाच विहिरी निवडाव्यात, कठड्यावर रंगाची एक खूण करावी, दर फुटाला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. गावानं निदान मेअखेर आणि ऑक्टोबर अशी दोनदा मोजावी. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात.

पर्जन्यमापक लावताना मात्र सावध राहा. महसूल मंडळात एक यंत्र असतं आणि त्याच्या नोंदीवर मदत आणि विमा अवलंबून असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेष ओलांडली की अतिवृष्टी, नाही ओलांडली तर काही नाही. शेजारच्या शिवारात ढग फुटलेला असतो आणि मंडळाच्या यंत्रात ४० ची नोंद असते. म्हणून तुम्ही नळकांडं रोवताच लोक विचारणार, “हे विम्याचं का?” पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की या नोंदीला सरकारदरबारी किंमत नाही, ही गावाच्या हिशेबासाठी आहे. एकदा मी हे सांगायला विसरले आणि दोन महिन्यांत नळकांड्यात कुणीतरी तांब्यानं पाणी ओतलेलं सापडलं. त्या माणसावर राग धरायचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे पैसे होते.

शब्दांबद्दलही थोडं. “पुनर्भरण”, “अतिशोषित पाणलोट”, “शाश्वत” हे शब्द अहवालात राहू द्या. बोलताना मुरणं, उपसा, खारं, गोडं. शेतकऱ्याची स्वतःची मापं फार नेमकी असतात: “दोन इंची पाणी लागलं”, “मोटर तासभर चालती अन् मग उपसती”. ही मोटरची वेळ मी नोंदवहीत लिहून घेते. पाच वर्षांच्या अशा नोंदी पातळीच्या आलेखाइतक्याच बोलक्या असतात. पावसाबद्दल विचारायचं तर तारखेनं न विचारता नक्षत्रानं विचारा. २०१५ साली ऑगस्टमध्ये किती पाऊस झाला हे कुणाला सांगता येणार नाही, पण मघा कोरडी गेली होती का, हत्तीचा पाऊस झाला का, हे बरोबर सांगतील.

आणि काही शब्द ऐकायला सोपे असूनही फसवतात. हवामान खात्याच्या अंदाजात “तुरळक ठिकाणी मुसळधार” असं येतं. शास्त्रज्ञाच्या मनात तुरळक म्हणजे विभागातली फार तर पंचवीस टक्के ठिकाणं. ऐकणाऱ्याला वाटतं, तुरळक म्हणजे थोडासाच पाऊस. मग त्या थोड्या ठिकाणांत आपलं गाव आलं, ओढ्याला लोंढा आला, की तो म्हणतो अंदाज खोटा ठरला. अंदाज बरोबर होता. शब्द दोघांचे वेगळे होते. मी गावात “दहा गावांतल्या दोन गावांत धो धो, कुठली दोन ते सांगता येत नाही, म्हणून दहाही गावांनी जनावरं ओढ्याच्या काठाला बांधू नयेत” असं सांगते. लांबतं, पण कळतं.

यातलं “सांगता येत नाही” हे न कचरता म्हणायला शिका. आपल्याला भीती वाटते की शंका बोलून दाखवली तर लोक पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याकडं जातील. ते तसेही जातात. पाणाड्याच्या नारळाला किंवा फांदीला शास्त्राचा आधार नाही, पण तो माणूस उन्हात शेतभर फिरतो, मालकाशी बोलतो, एका जागी पाय रोवून “इथं” म्हणतो. आपण तालुक्याच्या कचेरीतून शक्यता सांगतो. त्याची टर उडवली तर शेतकऱ्याचीच टर उडवल्यासारखं होतं. त्याच्यासारखं शेतात जाणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मी विद्यार्थिनी म्हणून त्या भागात फिरले होते. अमुक रात्री पुन्हा हादरा बसणार अशी अफवा आली की अख्खी गावं उघड्यावर झोपायची. भूकंपाची वेळ जगात कुणालाही सांगता येत नाही, म्हणून जो तारीख सांगतो तो खोटं बोलतो, हे वाक्य कुणीतरी ओट्यावर बसून शांतपणे सांगितलं की त्या रात्री माणसं घराजवळ परतायची. हिंगोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जमिनीतून आवाज येतात तेव्हाही लोकांना तेच हवं असतं: काय माहीत आहे, काय नाही, आणि आज रात्री काय करायचं.

फ्लोराइडचं वचन दिलं होतं. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला हा त्रास जुना आहे. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल आणि ते वर्षानुवर्षं प्यायलं तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडं धरतात. इथं नियम एकच, निकाल आधी गावाला, मग बाकी सगळ्यांना. एकदा आमच्या नमुन्यांची बातमी गावाच्या नावासकट छापून आली आणि दुसऱ्याच महिन्यात तिथल्या एका बाईनं मला विचारलं, “माय, आता आमच्या पोरींना कोण करून घेईल?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून अशा गावात मी आधी दुपारी बचत गटाच्या बायकांना भेटते. पाणी त्या भरतात, आणि ग्रामसभेत त्या बोलत नाहीत. कुठला हातपंप टाळायचा आणि आजपासून पाणी कुठून आणायचं, दोन्ही एकाच बैठकीत सांगते. दुसरं सांगता येत नसेल तर पहिलं सांगायला जात नाही, आधी पर्यायी पाण्याची सोय पाहते. आणि एक न चुकता: पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

पत्रकारांशी कसं बोलावं हेही तुम्ही विचारलंय. तालुक्याच्या वार्ताहराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. एक वाक्य आणि एक आकडा कागदावर लिहून द्या, आकडा फोनवर परत वाचून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकूर पाठवू नका. दीड मिनिटाचा आवाजातला निरोप, गावातल्याच कुणाच्या तोंडून, तुमच्या भाषणापेक्षा लांब जातो.

आता त्या शेतकऱ्याकडं परत जा. तुमच्याकडे तीन वर्षांच्या पातळ्या आहेत, हे फार मोठं भांडवल आहे. त्याच्या शेताभोवतीच्या तीन विहिरी आणि चार-पाच बोअर काढा: किती खोल, पाणी कितीवर लागलं, मोटर माघात किती वेळ चालते, कोरडे किती गेले. त्याच्या बांधावर बसून ते त्याला दाखवा आणि सांगा, “या आठात पाच कोरडे गेलेत. तुमचाही जाईल असं मी ठामपणे सांगू शकत नाही. माझे पैसे असते तर मी बोअर घेतला नसता, विहिरीतला गाळ काढला असता आणि वरच्या ओढ्यात बांध घातला असता.” आकडे उलटे निघाले तर तसंही सांगा. तो तरीही बोअर घेईल कदाचित. घेतला तर ड्रिलिंगच्या दिवशी तिथं जा आणि किती फुटांवर काय लागलं ते दोघांच्याही वहीत लिहा. मृगाच्या आधी जा, पेरणी सुरू झाली की त्याला बसायला वेळ नसेल.